वारुळाचा पत्ता

आमच्या औरंगपुऱ्यातल्या गल्लीत दरवेशी यायचा तो बहुधा दिवाळीनंतर. आधी डमरू वाजायचा, मग वाड्यावाड्यांतून पोरं पळत सुटायची, आणि मग काळ्या झिपऱ्यांचं ते धूड डुलत डुलत कोपऱ्यावर दिसायचं. मी रात्री दचकून उठायचो म्हणून आजीनं मला चार आण्यांत अस्वलाच्या पाठीवर बसवलं. वर एक केस मिळाला, तो ताईतात घातला. ओल्या घोंगडीचा वास आणि नाकातून ओवलेली दोरी एवढं अजून पक्कं आठवतं. आणि एक गोष्ट. गल्लीतल्या दोन फरशांच्या फटीतून मुंग्यांची रांग चालली होती. अस्वलानं त्या फटीला नाक लावलं आणि ते तिथून हलेना. दरवेश्यानं दोरीला हिसका दिला तसं मागच्या पायांवर उभं राहिलं. आम्ही टाळ्या पिटल्या.

ताईतानं माझं दचकणं थांबलं नाही, हे इथंच सांगून टाकतो.

त्या फटीची आठवण पन्नासेक वर्षांनी आली ती ब्राझीलमुळं. भाच्यानं मोबाइलवर मुंगीखाऊची फिल्म लावली होती. नळीसारखं तोंड, खराट्यासारखं शेपूट, पाठीवर घट्ट चिकटलेलं पिल्लू. मातो ग्रोसो दो सुल नावाच्या राज्यात २०१७ पासून काही शास्त्रज्ञ या जनावराला जीपीएसचा पट्टा लावून ते कुठं जातं, कुठं झोपतं हे बघताहेत. तिथलं मूळचं झुडपी रान बरंचसं गेलं. गुरांची कुरणं, सोयाबीन, ऊस, निलगिरी आली. मुंगीखाऊ मात्र अजून आहे. तो खायला उघड्यावर येतो आणि ऊन तापलं की उरल्यासुरल्या झाडीत शिरतो, कारण त्याचं अंग जेमतेम तेहतीस अंशांचं. ऊन आणि थंडी दोन्ही त्याला झेपत नाहीत. जिथं झाडी कमी उरली, तिथं त्याला फिरण्यासाठी मुलूख जास्त लागतो. आपल्याकडं गावातला आड आटला की बायकांची पायपीट वाढते, तसंच. आणि त्या पायपिटीत मधे हायवे लागतो.

आपल्याकडं मुंगीखाऊ नाही. खवले मांजर आहे, पण ते बघायला म्हणून कुणी प्रवासाला निघू नये. एकतर ते रात्री बाहेर पडतं आणि दिसत नाही. दुसरं म्हणजे त्याच्या खवल्यांसाठी आणि ‘पैशाचा पाऊस’ पाडणाऱ्या भोंदूंसाठी त्याचा इतका बाजार झालाय, की ते अमुक ठिकाणी आहे असं छापणंसुद्धा पाप. चिपळूण तालुक्यातल्या डुगवे गावानं २०२० साली खवले मांजराची प्रतिकृती पालखीतून मिरवली, खवलोत्सव केला. असं गाव असेल तर ठीक. नाहीतर गप्प बसावं.

मग उरलं अस्वल. आणि त्याची गंमत अशी की युरोपातल्या विद्वानांनी त्याला एकदा खरोखरच मुंगीखाऊच्या भावकीत बसवलं होतं. १७९१ साली जॉर्ज शॉ यानं आपल्या अस्वलाचं शास्त्रीय नामकरण केलं. लांब वाकडी नखं, पुढचे दात गायब, सैल ओठ हे बघून त्यानं त्याला ‘स्लॉथ’च्या वंशात घातलं. स्लॉथ म्हणजे दक्षिण अमेरिकेत झाडाला उलटं लटकणारं आळशी जनावर, मुंगीखाऊचा चुलतभाऊ. पुढं चूक सुधारली, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. इंग्रजीत ते अजून स्लॉथ बेअरच आहे. मला मात्र शॉची चूक फार चुकीची वाटत नाही. त्यानं जनावराची जात चुकवली असेल, धंदा बरोबर ओळखला होता. आपलं अस्वल वरच्या मधल्या दोन दातांवाचून असतं. त्या फटीतून ते वाळवी ओढून घेतं, धूळ जाऊ नये म्हणून नाकपुड्या मिटतं, आणि पिल्लं पाठीवर घेऊन हिंडतं. हे सगळं त्या ब्राझीलच्या प्राण्याशी जवळचं नातं नसताना.

तर जानेवारीतल्या एका शनिवारी कन्नडची एसटी धरली.

दौलताबादचा किल्ला, खुलताबादची चढण, वेरूळ. हा रस्ता इतका अंगवळणी पडलाय की त्यावर लिहायला नको. हतनूरच्या पुढं रस्त्याकडेला अद्रक धुवून पोत्यांत भरणं चाललं होतं, ओल्या मातीचा तिखट वास बसमध्ये येत होता. कन्नडला एका ओळखीच्या मास्तरांनी त्यांच्या मेहुण्याकडं सोडलं. मेहुणे म्हणजे तात्या. तात्यांची सात एकर जमीन गौताळ्याच्या डोंगराला लागून आहे. गावाचं नाव देत नाही. कॅमेरे गळ्यात अडकवलेली मंडळी पुढच्या रविवारी तिथं जाऊन बसतील.

गौताळा औट्रमघाट अभयारण्य १९८६ सालचं. सुमारे दोनशे साठ चौरस किलोमीटर, बरंचसं संभाजीनगर जिल्ह्यात, बाकीचं घाटाखाली जळगावात. वरून पाहिलं तर अजिंठ्याच्या डोंगररांगेवरचं हे एक हिरवट ठिगळ, आणि ठिगळाच्या काठाला शिवलेली शेतं. अंजन, सालई, धावडा, पळस. पावसाळ्यात इथं शहर लोटतं, धबधब्याखाली सेल्फी निघतात. जानेवारीत सालईच्या पांढुरक्या बुंध्यांशिवाय फारसं कुणी नसतं.

वनखात्यात मजुरीवर असलेले एक मामा सोबतीला आले. वय साठीकडं झुकलेलं, हातात काठी, काठीला घुंगरू. फाटकापासून शंभर पावलं गेलो असू.

“सायेब, बोलत चाला.”

मला वाटलं मामांना गप्पांची हौस आहे. जंगलात तोंड मिटून चालायचं हे आम्हा शहरवाल्यांना निसर्ग शिबिरांनी इतकं पढवलेलं, की मी उलट हळूच म्हणालो, “जनावर बुजेल.”

“बुजंल म्हणूनच बोला. त्याचं थोबाड वारुळात आसतं. ते सूं-सूं करतंय, आपलं त्याला ऐकू येत न्हाई. नजर बी अधू. पाच हातावर गेल्यावर दचकतंय आन् मग तोंडावरच येतंय.”

बोलायला काही सुचेना. शेवटी मी एकोणतीसचा पाढा मोठ्यानं म्हणायला लागलो. एकोणतीस सक्कं चुकलं तेव्हा मामांनी मागं वळून पाहिलं.

खालच्या टेकाडापलीकडच्या कपारींकडं मामा जाऊ देईनात. डिसेंबर-जानेवारीत मादी पिल्लांसह गुहेत असते, तिच्या वाटेला जायचं नाही. आम्ही नाल्याच्या काठानं गेलो. तिथं बोरीच्या जाळीखाली पहिली खूण दिसली. विष्ठा, म्हशीच्या पोवासारखी पसरलेली पण बारीक, आणि ती जवळजवळ सगळी बोरांच्या आठळ्यांचीच होती. मामांनी काडीनं उकलून दाखवली. आठळ्यांच्या मधे तपकिरी चकाकणारा भुसा. चष्मा वर करून डोळे जवळ नेले तेव्हा कळलं, ती वाळव्यांची डोकी होती. अंगं पचली होती, कडक डोकी तशीच बाहेर आली होती. मोहरीपेक्षा बारीक, शेकड्यांनी.

आणि पन्नास पावलांवर वारूळ.

कमरेएवढं, तांबूस, अंजनाच्या बुंध्याला टेकलेलं. त्याच्या एका अंगाला हात कोपरापर्यंत जाईल असं भगदाड. कडेनं चार-पाच खाचा, एकमेकींना समांतर, प्रत्येक माझ्या बोटाएवढी रुंद. ओल्या चिखलात फणी ओढावी तशा. पण तो चिखल नव्हता. मी नखानं कोरून पाहिलं तर नखच दुमडलं; कुदळीशिवाय निघणार नाही अशी ती माती. अस्वलानं ती तीन-चार इंची नखांनी सोलली होती. भगदाडासमोर जमिनीवर मोकळ्या मातीचा पंखा पसरलेला. मामा म्हणाले, ते आधी फुंकर मारून माती उडवतं आणि मग ओढतं. त्या ओढण्याचा आवाज शंभर-दीडशे मीटरवर ऐकू जातो.

“किती वाळवी खातं एका वारुळातली?”

“सगळी खात न्हाई. राणी लई खाली आसती. पुन्हा यायचं आसतंय ना त्याला.”

वारूळ म्हणजे खानावळ, आणि खानावळ मोडून चालत नाही, असा हिशेब. अस्वल मनात असा विचार करतं असं मी म्हणत नाही. पण हिशेब लागतो खरा.

संध्याकाळी तात्यांच्या ओट्यावर बसलो तेव्हा मी सकाळचं वारूळ सांगत होतो. तात्यांनी शांतपणे तंबाखू मळली आणि बांधाकडं बोट केलं. गव्हाच्या आणि मक्याच्या मधल्या बांधावर, एका टेंभुर्णीखाली, तसंच एक वारूळ. त्यावर हळद-कुंकवाचे विटके डाग.

“हे आमच्या आईचं. नागपंचमीला दूध, लाह्या सगळं इथंच. अस्वल याच्यावर बी येतं.”

शेजाऱ्यांनी दोन वर्षांपूर्वी जेसीबी लावून रान सपाट केलं, बांध काढले, बांधावरची वारुळं गेली. वारुळांसोबत बोरी गेल्या, टेंभुर्णी गेली. उसाला आणि अद्रकीला वाळवी-हुमणी लागू नये म्हणून जमिनीत औषध सोडतात ते वेगळंच. तात्यांनाही बांध काढायचा होता, दीड गुंठा तरी वाढला असता. “पण आई हाय तवर त्याला हात लावायची कुणाची बिशाद.” आई आत चुलीपाशी होती. तिनं बाहेर न बघताच सांगितलं, “आन् मी गेल्यावर बी लावायचा न्हाई.”

अभयारण्याचा नकाशा मुंबई-नागपूरच्या कचेऱ्यांत असतो. अस्वलाचा नकाशा असा आहे: नाल्याकाठची बोर, अंजनाखालचं वारूळ, फाटकाबाहेरचा मका, म्हातारीच्या श्रद्धेनं वाचलेला दीड गुंठा. त्यात सीमेचा दगड कुठंच येत नाही.

खरा पेच मात्र जागेचा नव्हताच, हे मला रात्री कळलं.

साडेनऊला जेवण आटोपलं, आणि तात्यांनी घड्याळाचा गजर बाराचा लावला. का, तर या आठवड्यात रात्रीची लाईट. ज्यांनी शेती केली नाही त्यांच्यासाठी सांगतो: विहिरीवरच्या मोटारीला थ्री फेज वीज लागते, ती चोवीस तास नसते. एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री, अशी पाळी. ज्या आठवड्यात रात्रीची पाळी, त्या आठवड्यात गव्हाला पाणी मध्यरात्री. थंडीत, गमबूट घालून, बॅटरी तोंडात धरून, फावड्यानं दारं धरायची. एका सरीचं दार मोडून दुसरीचं उघडायचं. वाकून. आवाज न करता, कारण बोलणार कुणाशी?

आणि अस्वल निघतं तेही रात्रीच. दिवसभर कपारीत पडून राहायचं, अंधार पडला की बोरी, वारुळं, मका. माणसं दिवसा राबायची तोवर दोघांचं निभत होतं. डोंगर तुझा-माझा असं काही नव्हतं, वेळ वाटून घेतलेली होती. दिवस आमचा, रात्र तुझी. ती वाटणी आम्ही मोडली आणि विजेच्या पाळीपत्रकाला ती मोडल्याचं ठाऊकसुद्धा नाही. आपण जंगल तोडलं यावर चिक्कार लिहिलं जातं, मीही लिहिलंय. रात्र तोडली यावर कुणी लिहीत नाही.

गावात एक जण आहेत ज्यांच्या डाव्या गालावरून कानापर्यंत टाक्यांची रेघ आहे. ते मला दुकानात भेटले, चहा पाजला, आणि त्या रात्रीबद्दल एवढंच म्हणाले, “ते बी भ्यालं, मी बी भ्यालो.” पाणी द्यायला गेले होते. मक्याच्या ताटांत दोघंही वाकलेले.

बारा वाजून दहा मिनिटांनी लाईट आली. मोटार घरघरली. मी, तात्या आणि त्यांचा मुलगा निघालो. मुलाच्या हातात पत्र्याचा डबा, तो मधूनमधून बडवायचा. तात्या जोरात खाकरायचे. मी पुन्हा पाढे. आकाश कडक काळं, घाटाकडं उजेडाची लहानशी झाक. त्या औट्रम घाटात २०२३ पासून खंडपीठाच्या आदेशानं जड वाहनांना बंदी आहे. कोंडीपायी आणि अपघातांपायी. अस्वलाचं नाव त्यात कुठं नसावं. पण तात्या म्हणाले, पूर्वी रात्रभर ट्रकचे ब्रेक कण्हायचे ते आता ऐकू येत नाहीत.

दुसऱ्या सरीला पाणी लागलं असेल. मुलानं डबा वाजवायचा थांबवला आणि हात वर केला.

वरच्या अंगाला, फाटकापलीकडून, आवाज आला. आधी जोरात फुस्सकन, भात्यासारखा. मग लांब ओढलेला सूंऽऽऽ, मधेच तुटणारा, ओल्या नळीतून हवा ओढावी तसा. पुन्हा फुस्स. पुन्हा सूंऽऽऽ. मी तो आवाज पन्नास वर्षांपूर्वी ऐकला होता. औरंगपुऱ्याच्या फरशीवर, डमरूच्या गलक्यात, अगदी अस्पष्ट.

आम्ही तिघं तसेच उभे. पाणी आमच्या पायांवरून वाहत सरी सोडून भलतीकडं चाललं होतं, तरी तात्या हलले नाहीत. चार-पाच मिनिटं असेल. मग मुलानं डबा वाजवला, आवाज थांबला, आणि पाचोळ्यातून काहीतरी जड चढणीला लागल्याची चाहूल दूर गेली. दिसलं काहीच नाही. माझ्या पायांत गारव्यानं कापरं भरलं होतं. गारव्यानंच, असं मी तात्यांना सांगितलं.

सकाळी चहाबरोबर वाघाचा विषय निघाला, कारण कन्नड तालुक्यात तो निघतोच. मार्च २०२१ मध्ये इथल्या कॅमेऱ्यात वाघ आला. यवतमाळच्या टिपेश्वरहून सव्वातीनशे किलोमीटर चालत आलेला नर. गौताळ्यात १९४० नंतर वाघाची ही पहिली नोंद. त्याच्या आधी, २०१९ च्या डिसेंबरात, टिपेश्वरचाच दुसरा एक वाघ बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला होता. ज्ञानगंगा तर अस्वलांसाठीच ओळखलं जातं. नकाशावर बोट फिरवलं तर अजिंठ्याची रांग ज्ञानगंगेपासून गौताळ्यापर्यंत सलग दिसते. पायी फिरलं तर मधे घाटरस्ते, कपाशी, उघड्या विहिरी आणि तारेची कुंपणं. वाघ तेवढं पार करतो आणि त्याची बातमी होते. अस्वल रोज पार करतं.

आमच्या संभाजीनगरला मात्र जनावरं आठवतात ती थेट दारात आली तरच. डिसेंबर २०१९ मध्ये सिडको एन-१ मध्ये बिबट्या शिरला, अख्खं शहर गच्चीवर. तो पकडून नेल्यावर तो कुठून आला असेल हे विचारायला कुणी थांबलं नाही.

मी दरवेश्याबद्दल म्हातारीला विचारलं. तिच्या माहेरीही यायचा. “त्याच्या बापाला धरून न्हेलं म्हणं,” ती म्हणाली. वन्यजीव संरक्षणाचा कायदा १९७२ चा. पण खेळ पुढंही चाललाच. पोटापाण्याचा प्रश्न होता, नुसत्या कायद्यानं थांबणारा नव्हता. अस्वल खेळवणाऱ्या कलंदरांना दुसरे धंदे लावून देत देत शेवटचं नाचतं अस्वल सोडवलं गेलं ते २००९ साली. म्हणजे दोरी काढायची तर दोरी धरणाऱ्याची सोय आधी लावावी लागली. गौताळ्याच्या कडेला मला हेच परत दिसलं. अस्वलाचं भलं करायचं तर तात्यांची झोप आधी.

आणि हे अवघड नाही. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा उद्देशच मुळी शेतीला दिवसा वीज देण्याचा आहे. सौर पॅनेल सगळीकडं एका दिवसात लागणार नाहीत, हे समजू शकतो. पण कुठल्या फीडरला आधी, हे ठरवताना कुणीतरी त्या याद्यांशेजारी अभयारण्याचा नकाशा ठेवावा. गौताळ्याच्या, ज्ञानगंगेच्या काठची गावं पहिल्या पानावर घ्यावीत. त्यासाठी नवा कायदा नको, समिती नको, जीपीएसचा पट्टाही नको.

निघण्याआधी मामांना घेऊन पुन्हा त्या अंजनाखालच्या वारुळाशी गेलो. कालचं भगदाड अर्धं भरलेलं होतं. कडांना ओली, गडद माती. त्यात पांढुरकी वाळवी तोंडातून एकेक कण आणून चिकटवत होती, दाबत होती, परत आत जात होती. काल नखाला दाद न देणारी माती आज बोटानं दबत होती. मी हात काढून घेतला. कोपराएवढं भोक आता मनगटाएवढं राहिलं होतं.

कन्नडच्या स्टँडवर दीडची गाडी मिळाली. तात्यांच्या ओट्याच्या भिंतीवर कोळशानं विजेच्या पाळ्या लिहिलेल्या असतात, त्या मी येताना वाचल्या होत्या: सोमवारपासून दिवसाची, सात दिवस.